आर्लिनच्या नावाचं पिस्तूल

डेल्बर्ट होखने एकेचाळीस वर्षांच्या संसारात स्वतःसाठी म्हणून एक वस्तू घेतली नव्हती. जे घेतलं ते बायकोसाठी. हे मी नाही म्हणत, तोच म्हणायचा, आणि छाती पुढे काढून म्हणायचा.

बैठकीच्या खोलीतली ती पाय वर करून पसरायची खुर्ची त्याने आर्लिनसाठी आणली, तिची पाठ दुखते म्हणून. त्या खुर्चीत आर्लिन आजवर दोनदा बसली आहे, आणि दोन्ही वेळा डेल्बर्ट दवाखान्यात होता. मासे पकडायची बोट घेतली ती आर्लिनला मोकळी हवा मिळावी म्हणून. पहिल्याच दिवशी तिला बोटीत मळमळलं, आणि तेव्हापासून ती मोकळी हवा एकटा डेल्बर्टच खातो. भिंतभर टीव्ही आला तो तिच्या मालिकांसाठी. त्यावर ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत फुटबॉल चालतो, आणि आर्लिन स्वयंपाकघरातल्या वीतभर टीव्हीवर मालिका बघते. शिवाय वस्तू तिच्यासाठी म्हटल्यावर पैसे तिच्या डब्यातले, हे ओघानंच आलं. पाई विकून ती चार पैसे कॉफीच्या डब्यात टाकायची. त्या डब्याची डेल्बर्टला फार काळजी, म्हणून तो त्याला कधी जड होऊ द्यायचा नाही.

आणि गंमत ऐका. आर्लिनने बावीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या शिमेल्सबर्गमधल्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी बर्फातून, घाटाच्या वळणावळणांतून शाळेत सुखरूप पोचवलंय. पण घरच्या पिकअपच्या स्टिअरिंगचं चाक डेल्बर्टने तिच्या हाती एकदाही दिलं नाही. "दिवसभर गाडी चालवून दमतेस तू," म्हणायचा. "तुझ्या विश्रांतीसाठी म्हणून सांगतोय." बसची नोकरी सुटून सात वर्षं झाली तरी विश्रांती चालूच होती.

तर हा माणूस मार्चमधल्या एका सकाळी नाश्त्याला म्हणाला, "आर्लिन, तुला एक पिस्तूल घेऊ या."

आर्लिन तव्यावर स्क्रॅपल, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वड्या, परतत होती. तिने गॅस बारीक केला. "मला? मी काय करू पिस्तुलाचं?"

"अगं, नेम धरायचा. डबे पाडायचे. हल्ली सगळ्यांच्या बायका करतात. छोट्या गोळीचं घ्यायचं, पॉइंट टू टू. धक्का नाही, आवाज बेताचा, गोळ्या स्वस्त. आपण दोघं जात जाऊ क्लबात."

आता आमच्याकडे हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी असते, तेव्हा घरात पिस्तूल येणं ही काही छाती धडधडायची गोष्ट नव्हे. तिच्या काळजाला हात घातला तो दुसऱ्याच शब्दांनी. आपण दोघं! एकेचाळीस वर्षं दर रविवारी चर्चवरून आला की हा जेवायचा, टोपी घालायचा आणि नेमबाजीच्या क्लबात जायचा. ती भांडी घासायची. आणि आज म्हणतोय, आपण दोघं. म्हातारपणी का होईना, ह्याला सुचलं तर खरं, असं तिला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, तिचे डोळे जरा भरून आले. स्क्रॅपल करपलं ते त्यामुळे.

भोळी नव्हती हो ती. गेल्या वर्षभरात घरात काय चाललंय ते तिला दिसत होतं. डेल्बर्ट सूप वाडग्याच्या शेजारी ओतायचा. चर्चचं पत्रक तिच्या हातात देऊन म्हणायचा, "तूच वाच, तुझा आवाज छान आहे." पिकअप रस्त्याच्या मधोमध चालवायचा आणि समोरून येणाऱ्यांना शिव्या घालायचा. पण तोंडातून एक अक्षर नाही. आणि तिने विषय काढावा, तर तीही सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी ती एकदाच म्हणाली होती, डेल, तुझा गुडघा डॉक्टरला दाखव. तर गुडघ्याला काही झालेलं नाही हे सिद्ध करायला तो वर्षभर काठीशिवाय लंगडला. म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं, आपण गप्प बसायचं. ह्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच ह्याच्या हातून गाडीची किल्ली सुटेल, नाहीतर नाही. ती वाट बघत होती. आणि पिकअपमधून जाताना दर वळणावर दाराची मूठ घट्ट धरत होती.

शनिवारी दोघं ट्रूडीच्या दुकानात गेली. पुढे खिळे, बियाणं, कोंबड्यांचं खाद्य. मागच्या बाजूला काचेचं कपाट आणि बंदुका. ट्रूडी चाळिशीची, चष्मा कायम डोक्यावर, बोलायला फटकळ. तिच्या डोक्यामागे भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं आहे. दुकानात बंदूक हातात घेतली की आधी ती उघडून रिकामी आहे ते बघायचं, ट्रूडीला दाखवायचं, आणि मग त्या हरणावर रोखायची, हा तिच्या बापापासूनचा रिवाज. गावाच्या तीन पिढ्यांनी त्या बिचाऱ्यावर नेम धरलाय.

"बायकोसाठी हवंय," डेल्बर्ट म्हणाला. "शिकतेय ती. सोपं काहीतरी दाखव."

ट्रूडीने कपाळाला हात लावला. "झालं! आता पर्समध्ये मावणारं मागणार. आणि गुलाबी."

"छे! मोठं दाखव. जड आणि लांब नळीचं."

ट्रूडीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "डेल्बर्ट होख, वीस वर्षं मी या कपाटामागे उभी आहे. बायकोसाठी मोठं पिस्तूल मागणारा तू पहिला नवरा. आर्लिन, काय खायला घालता हो ह्याला?" मग ती आर्लिनकडे वळली. "बरोबर बोलतोय तो. लोकांना वाटतं, बाई लहानखुरी म्हणजे पिस्तूलही एवढंसं. अहो, जितकं छोटं तितकं ते हातात उडतं. नळी आखूड, धरायला दोन बोटांची जागा, नेम लागायचा कसा? दोन रविवार डबे हलत नाहीत, तिसऱ्या रविवारी बाई ते माझ्याकडे परत आणून आपटते. शिकणाऱ्याला वजनदारच हवं. आणि दुसरं, ते दर वेळी उडलं पाहिजे. जुन्या नेमबाजाचं पिस्तूल अडकलं तर तो पिस्तुलाला शिव्या देतो. शिकणाऱ्याचं अडकलं की त्याला वाटतं, आपलंच चुकलं."

आर्लिन नवऱ्याकडे बघतच राहिली. इतका विचार? माझ्यासाठी?

ट्रूडीने आधी एक चक्रीचं पिस्तूल, म्हणजे रिव्हॉल्व्हर, पुढे केलं. "यात बिघडायला काही नाहीच. गोळ्या घाला, उडवा, रिकामं करा. गोळी आत आहे की नाही ते डोळ्याला दिसतं."

डेल्बर्टने ते हरणावर रोखलं, मान तिरकी केली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "नेमाच्या खुणा फार बारीक आहेत. हिला दिसायच्या नाहीत."

आर्लिन अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. 

दुसरं होतं मॅगझिनचं. ते त्याने हातात घेतलं, दोन रिकाम्या काडतुसांनी मॅगझिन भरून बघितलं, आणि खाली ठेवलं. "स्प्रिंग घट्ट आहे. बोटं दुखतील हिची." असं म्हणत तो स्वतःच्या बोटांचे सांधे चोळत होता. आर्लिन दर शुक्रवारी दहा पाईंचं पीठ मळते. तिची बोटं तुम्ही बघितली नाहीत.

आता तिच्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं.

तिसरं पिस्तूल लांब, काळं, चांगलं जड होतं. वर एक छोटी काच, आणि काचेत बटणाएवढा लाल ठिपका. "याच्यात पुढची खूण मागच्या खुणेशी जुळवायची भानगड नाही," ट्रूडी म्हणाली. "ठिपका ठेवाल तिथे गोळी. मॅगझिनला बाजूला खिट्टी आहे, अंगठ्याने दाबून भरता येतं. किंमत जास्त, पण बिनतक्रार चालतं."

डेल्बर्टने ते उघडलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि हरणावर धरलं. धरून राहिला. दुकानात कुणीतरी खिळे मोजून घेत होतं, तेवढाच आवाज. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"दिसतंय," तो पुटपुटला.

ट्रूडी बिलाची वही शोधत होती, तिने ऐकलं नाही. आर्लिनने ऐकलं. चांगलं आहे म्हणाला नाही, जड आहे म्हणाला नाही. दिसतंय म्हणाला. आणि मग खुर्ची, बोट, टीव्ही, सगळं तिच्या डोळ्यांपुढून रांगेने गेलं, आणि रांगेच्या शेवटी हे लांब काळं पिस्तूल उभं होतं. तिला राग आला. इतका राग की कान गरम झाले. पिस्तुलाचं काही नाही हो, घे बाबा हवं तर दहा. पण आपण दोघं कशाला म्हणायचं? मला कशाला मध्ये ओढायचं?

"हेच दे," डेल्बर्ट म्हणाला. "हिच्यासाठी हेच बरं."

ट्रूडीने सरकारी फॉर्म काढला. डेल्बर्टने पेन उचललं.

"थांब," ट्रूडी म्हणाली. "घेणार कोण?"

"हिच्यासाठी घेतोय म्हटलं ना. सही मी करतो, हिला या कागदांतलं काही कळत नाही."

"पैसे कुणाचे?"

आर्लिनच्या पर्समधून कॉफीच्या डब्यातलं पाकीट अर्धं बाहेर आलंच होतं. डेल्बर्ट साळसूदपणे म्हणाला, "तिचे. वस्तू तिची, पैसे तिचे."

"मग सही तिची," ट्रूडीने पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. "पहिलाच प्रश्न वाच. खरा घेणारा तूच आहेस का? पैसे एकाचे, पिस्तूल दुसऱ्याचं आणि नाव तिसऱ्याचं, असलं मी केलं तर उद्या माझ्या दुकानाला कुलूप लागेल. तुझ्या पैशाने घेऊन तिला भेट देतोस? दे. मग तू सही कर. काढ पाकीट."

डेल्बर्टचा हात मागच्या खिशापर्यंत गेला. खिशावर थोडा वेळ थांबला. आणि रिकामाच परत आला. एकेचाळीस वर्षांची सवय अशी मोडते होय!

"करू दे तिलाच सही," तो म्हणाला.

आर्लिनने पेन घेतलं. चौकोनावर ते टेकवलं आणि थांबली. चर्चला जाणारी बाई, कागदावर खोटं लिहायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. तिने नवऱ्याकडे वळून सरळ विचारलं, "डेल, एकदा नीट सांग. हे पिस्तूल कुणासाठी आहे?"

तिने त्याला चांगला वेळ दिला. ट्रूडीही थांबली. त्याने एवढंच म्हणायचं होतं, माझ्यासाठी. तिने तिथल्या तिथे पेन खाली ठेवलं असतं, पाकीट त्याच्या हातात कोंबलं असतं, आणि घरी जाऊन त्याच्या आवडीचं डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीचं सावरक्राउट केलं असतं.

"तुझ्यासाठीच, आर्लिन," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणासाठी असणार?"

"बरं," आर्लिन म्हणाली. आणि तिने चौकोनात खूण केली, खाली ठळक अक्षरांत सही केली. ट्रूडीने नियमाप्रमाणे पोलिसांना फोन करून तिच्या नावाची चौकशी केली, पलीकडून होकार आला. पिस्तूल आर्लिनचं झालं. कागदावर खोटं राहू नये, म्हणून आता ते खरंच आपलं करायचं, असं तिने दुकानाच्या दारातच ठरवून टाकलं.

पुढचे सहा महिने डेल्बर्टने काय काय सोसलं ते त्यालाच ठाऊक.

"नवं पिस्तूल आहे," तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला. "आधी पाचशे गोळ्या झाडून मोकळं करावं लागतं. ते कंटाळवाणं काम आहे. मी करून देतो तुला."

"मी करते. फॉर्मवर नाव माझंय."

"ठिपका जुळवावा लागतो. ते नवख्याचं काम नाही."

"ट्रूडीने जुळवून दिला."

"तेल?"

"घातलं."

पिस्तूल तिने कुलूपबंद पेटीत ठेवलं आणि पेटीची किल्ली पिठाच्या डब्यात. पीठ हा विभाग डेल्बर्टने आयुष्यात उघडलेला नव्हता. दर मंगळवारी दुपारी क्लबात ट्रूडी चारपाच बायकांना शिकवायची, तिथे आर्लिन जायला लागली. जायची मैत्रिणीच्या, फर्न ट्रेक्सलरच्या, गाडीतून, कारण पिकअपचं चाक अजून विश्रांतीवर होतं. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ, डोळ्यांवर बचावाचा चष्मा, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, नळी कायम मातीच्या बांधाकडे. मुलांनी भरलेली बस जिने बर्फात थांबवलीय, तिला हात स्थिर ठेवायला कुणी शिकवायचं? फक्त श्वास सोडता सोडता बोट दाबायचं, घाई करायची नाही, हे शिकायला तिला महिना लागला.

एकदा डेल्बर्टने प्रेमाने तिच्यासाठी गोळ्या आणल्या. मोठा स्वस्त डबा, सवलतीतला. त्या मंगळवारी पिस्तूल दर पाचव्या गोळीला अडकायला लागलं. संध्याकाळी तो चेहरा पाडून म्हणाला, "बघ, वस्तूच खराब निघाली. आण इकडे, मी बघतो." पण ट्रूडीने आधीच सांगून ठेवलं होतं. पॉइंट टू टू फार खोडकर. प्रत्येक पिस्तुलाच्या खाण्याच्या आवडीनिवडी वेगळ्या. चार प्रकारच्या गोळ्या थोड्याथोड्या आणा, जी बिनतक्रार खाईल तीच कायम घाला. आर्लिनने तसंच केलं. तिसऱ्या प्रकाराला पिस्तूल खूष झालं आणि नंतर कधी अडकलं नाही. खाण्यापिण्याचे नखरे सांभाळण्यात ती एकेचाळीस वर्षं तयार झालेलीच होती. सवलतीचा डबा तिने डेल्बर्टला त्याच्या जुन्या पिस्तुलासाठी परत दिला. "तुझ्यासाठी," म्हणाली.

मजा वाटायला लागली होती तिला, हे कबूल केलं पाहिजे. डबा पडला की टण्ण असा आवाज यायचा आणि तिला दिवसभर हसू यायचं. पण परत येताना घाटाच्या तोंडाशी टपालपेटीचा खांब दिसला की हसू जायचं. मे महिन्यात डेल्बर्टने पिकअप घालून शेजाऱ्यांची टपालपेटी खांबासकट आडवी केली होती. "पेटी पुढे आलीय रस्त्यात," म्हणाला. शेजाऱ्यांनी नवी पेटी चार फूट मागे लावली आणि शब्द काढला नाही. शेजाऱ्यांची नात त्याच खांबापाशी शाळेच्या बसची वाट बघत उभी असते. पेटी पडली त्या रात्री आर्लिन झोपली नाही.

आता पाई-शूटचं सांगायला हवं. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी क्लबात आमच्या बायका टेबलभर पाई मांडतात. पुरुष पंधरा पावलांवरून फळीवरचे दहा रिकामे डबे पाडतात, गोळ्या दहाच. जास्त पाडेल त्याने पहिली पाई उचलायची, कुठलीही. गेली नऊ वर्षं डेल्बर्ट जिंकत होता, आणि नऊही वर्षं त्याने टेबलापाशी जाऊन आर्लिनचीच सफरचंदाची पाई उचलली. "हिला वाईट वाटू नये म्हणून," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. म्हणजे आर्लिनने शनिवारी पाई करायची, रविवारी क्लबात न्यायची, आणि संध्याकाळी तीच घरी आणून खायची. शेजारी फर्नची काकवीची पाई असायची, काळीभोर, वर खुसखुशीत चुरा. आर्लिनने ती नऊ वर्षं नुसती हुंगली होती.

स्पर्धा नवराबायको दोघांनाही खुली होती. बायका कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, इतकंच. माश्या कोण वारणार?

त्या रविवारी सकाळी आर्लिनने पिठाच्या डब्यातून किल्ली काढली. पेटी टेबलावर ठेवली. "डेल, तुला हवंय का आज हे? नुसतं माग. देते."

तो कॉफी ढवळत होता, कपाच्या जरा बाहेरून. "मला कशाला? माझं जुनं आहे की. ते शिकणाऱ्यांचं."

"बघ हं."

"बघितलं."

तिने फॉर्ममध्ये लिहिलं होतं ते पाळलं. गेली आणि स्वतःचं नाव नोंदवून आली.

डेल्बर्टची पाळी आधी आली. आभाळ भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. तो उभा राहिला, तोच जुना रुबाब, टोपी किंचित मागे. पहिली गोळी बांधात गेली. दुसरीही. तिसरीने डबा पाडला, पण त्याने नेम धरलेला तो नव्हे, शेजारचा. क्लबात नेहमी थट्टामस्करी चालते. एक चुकला की दहा जण हुर्यो करतात. त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. दहा गोळ्यांत दोन डबे. मागून कुणीतरी म्हणालं, "ऊन डोळ्यावर येतंय हो," आणि चारपाच जणांनी भरल्या आभाळाकडे बघत माना हलवल्या. शिव्या परवडतात एक वेळ, पण ही दया! आर्लिनचा सहा महिन्यांचा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. उरली ती नुसती कीव, आणि तीही त्याला दिसू न देण्याची धडपड.

तिची पाळी आली.  ठिपका डब्यावर, श्वास बाहेर, बोट. टण्ण. आठ डबे पडले. फर्नच्या नवऱ्याचे सात होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ट्रूडीने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

टेबलापाशी सगळे जमले. आर्लिनने पाई बघितल्या. स्वतःची सफरचंदाची बघितली. मग हात पुढे करून फर्नची काकवीची उचलली.

"अगंबाई! माझी?" फर्न लाल झाली.

"डेलसाठी," आर्लिन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्याला काकवी फार आवडते."

डेल्बर्टने काकवीला जन्मात तोंड लावलेलं नव्हतं.  बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कळलं की ही वाक्यं पलीकडून कशी ऐकू येतात.

दोघं पिकअपमध्ये येऊन बसली, तो चाकापाशी, ती शेजारी, पाई मांडीवर, पिस्तुलाची पेटी पायाशी. किल्ली लावायला त्याला तीनदा चाचपावं लागलं. लावली, पण गाडी सुरू केली नाही. "जाऊ देत सगळे," म्हणाला. "गर्दी आहे."

एकेक गाडी निघून जात होती. रिकामं बसून काय करायचं, म्हणून आर्लिनने पाईचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. नऊ वर्षं हुंगलेली पाई! गोड मिट्ट. तळाला कच्ची.

"कशी आहे?"

"तुझ्यासाठी आणलीय. तू सांग."

त्याने तुकडा घेतला, बराच वेळ चघळला. "तुझी बरी असते," तो म्हणाला.

मैदान रिकामं झालं. ट्रूडीने हात हलवला आणि तीही गेली. आता गर्दीची सबब उरली नव्हती. समोर घाटाचा रस्ता, चौदा मैल, त्यात तो खांब. आर्लिन मांडीवरची पाई दोन्ही हातांनी धरून बसली.

"आर्लिन," तो म्हणाला, "आज तू चालव. तुला जरा सराव..."

आणि थांबला. बावीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला सराव! ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. मदत केली नाही. तो समोरच्या काचेकडे बघत होता, किंवा काचेच्या दिशेने तरी.

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "मधोमध नुसतं धुकं आहे. माणसं कडेने दिसतात, समोर आली की जातात. मला भीती वाटते. तू चालव." आणि मग, "माझ्यासाठी."

"कधीपासून?" तिने विचारलं, जणू तिला माहीतच नव्हतं.

"बरेच दिवस. ते लाल ठिपक्याचं तेवढं दिसलं होतं."

"पुढच्या रविवारी क्लबात घेऊन जा ते. मागितलंस तर देईन म्हटलं होतं ना."

"मागतोय," तो म्हणाला. "आणि मला तिथे सोडायलाही तूच ये."

ती उतरली, तोही उतरला. तो पिकअपच्या नाकावर हात ठेवत चाचपत पुढून आला, ती समोरून आली, आणि मधोमध त्याने किल्ली पुढे केली. जरा बाजूला, तिचा हात नव्हता तिथे. तिने हात तिकडे नेला आणि किल्ली घेतली. मग चाकापाशी बसून ती सीट पुढे ओढायला लागली. सीट काही हलेना, ती कुणी कधी पुढे घेतलीच नव्हती.